रिकामा हात

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फिलिपिन्समधल्या सेबूत तू आर्निस, म्हणजे तिकडची काठीची युद्धकला, शिकायला लागून चार महिने झाले, तुझे म्हातारे मास्तर एकच काठी देतात, समोर उभे राहून सावकाश वार घालतात आणि तुझा डावा हात धरून इकडून तिकडे नेतात. बाकी काही नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी मात्र दुसऱ्या क्लासात दोन-दोन काठ्या फिरवायला लागल्या, पुढच्या महिन्यात सुरी हातात घेणार. क्लास बदलू का, असं तू विचारतेस.

बदलू नकोस. कारण सांगतोच, पण आधी मला सांग, वार अंगावर येतो तेव्हा तुझा डावा हात कुठे असतो? मनगट भरून येतं, पकड सुटते, वेत पिंजला, असं उजव्या हाताबद्दल तू दीड पान लिहिलंस. डाव्याबद्दल एक ओळ नाही.

1988 साली मी एका मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर होतो. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सेबूजवळच्या तालिसायचा. संध्याकाळी काम उरकलं की तो तीन नंबरच्या हॅच कव्हरवर वेताच्या दोन काठ्या घेऊन यायचा, साधारण 28 इंची. काठीवर काठी जोरात बसली की जळका वास सुटायचा. वेत लाकडासारखा फुटत नाही, त्याचे धागे सुटतात. इंजिन रूममधली काळी चिकटपट्टी मी त्यासाठीच वर न्यायचो. तिसऱ्या दिवशी त्याने आपली काठी खाली ठेवली आणि म्हणाला, मार. मी कानशिलावर वार घातला. त्याने फक्त डावा तळवा माझ्या कोपरावर टेकवला, डब्याला झाकण लावावं इतक्या हलक्या हाताने. माझी काठी तिथेच अडली. मागे घेता येईना, पुढे नेता येईना.

तुझे मास्तर जे करतात त्याला आर्निसच्या बालिंतावाक शैलीतले लोक ‘अगाक’ म्हणतात, म्हणजे हाताला धरून नेणं. ही शैली काढणारा वेनान्सियो बाकोन हा मूळचा ‘दोसे पारेस’ या 1932 च्या क्लबातला. तिथून बाहेर पडून त्याने 1952 साली सेबूतल्या बालिंतावाक रस्त्यावर, एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या अंगणात आपला गट सुरू केला. त्याचा हट्ट एकच होता, काठी एक हवी आणि दुसरा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताने समोरच्याची काठी दाबायची, कोपर ढकलायचं, मनगट धरायचं. दोन काठ्यांची सिनावली सुंदरच आहे. तिचं नावही विणण्यावरून पडलं. सवाली म्हणजे तिकडच्या झोपड्यांच्या भिंतींना लावतात त्या बांबूच्या तट्ट्या. पण तिच्यात दोन्ही हात काठ्यांत गुंततात. तू कोल्हापूरची, मर्दानी खेळात लाठी फिरवून मोठी झालेली. लाठीलाही दोन्ही हात लागतात. रिकामा हात सांभाळायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही, म्हणून तुला आता तो कंटाळवाणा वाटतो.

तुझी दुसरी शंका. सगळे शब्द स्पॅनिश, मग हे फिलिपिनो कसं? आर्निस हे नाव चिलखताच्या स्पॅनिश शब्दावरून आलं, एस्क्रिमा तलवारबाजीच्या. वारही उनो, दोस, त्रेस असेच मोजतात. अगं, चावी आणि पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले, म्हणून घर त्यांचं होतं का? 2009 साली कायदा करून त्यांनी आर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवलं. या कलेचं खरं नाव काली, आर्निस की एस्क्रिमा, या वादात मी दोन वर्षं घालवली. तू दोन दिवसही घालवू नकोस. तेवढ्या वेळात डाव्या हाताकडे बघ.

इतिहास वाचायचाच असेल तर 27 एप्रिल 1521 ची माक्तानची लढाई वाच. तो किनारा तुझ्यापासून पूल ओलांडला की आहे. तिच्यात मारला गेलेला पोर्तुगीज दर्यावर्दी मॅजेलन त्याआधी, 1505 साली, आलमेदाच्या आरमारातून हिंदुस्थानात येऊन गेलेला. त्याच्या सफरीची हकिकत लिहिणारा पिगाफेत्ता त्या लढाईत स्वतः हजर होता. तो लिहितो की माक्तानचा सरदार लापुलापु याच्या माणसांनी मॅजेलनला घेरलं, त्याचा भाला एकाच्या अंगात रुतून राहिला, आणि तलवार उपसायला गेला तर ती अर्धीच निघाली, कारण दंडावर बांबूच्या भाल्याची जखम झाली होती. मग पायावर वार बसला आणि तो पालथा पडला. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत, आणि हात गेला. पुस्तकभर डावपेच नकोत, एवढा एक परिच्छेद पुरे.

माझं सांगतो. बोसनने मला सुट्टीत महिनाभर घरी बोलावलं होतं. मी गेलो नाही. मनिलातल्या एका क्लबात गेलो, कारण तिथे दोन काठ्या होत्या, सुरी होती, सर्टिफिकेट होतं. सहाव्या आठवड्यात लढतीत माझा डावा हात मांडीशी लोंबत राहिला होता. करंगळीवर टोला बसला. हाड वाकडं जुळलं, आजही मूठ पुरती मिटत नाही. पुन्हा जहाजावर गेलो तेव्हा बोसनला सर्टिफिकेट दाखवलं. त्याने ते नीट वाचलं, घडी करून परत दिलं आणि माझ्या कोपरावर तळवा टेकवला. मी पुन्हा तसाच अडकलो.

म्हणून रत्नागिरीत शिकवायला लागल्यावर मी पहिलं वर्षभर कुणाला दुसरी काठी दिली नाही. अकरा मुलं होती, दोन उरली. नुसता हात हलवायला शिकवतात, असं एक पालक तोंडावर म्हणाले. स्पर्धेसाठी मुलं तयार करा म्हणून विचारणा आली, तीही मी नाकारली. अंगावर जाड चिलखत आणि डोक्यावर जाळी चढली की पोरं डावा हात विसरतात, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. लोक हेकट म्हणतात. पण उरलेल्या दोघांपैकी एकाच्या कोपरावर मी गेल्या महिन्यात तळवा टेकवायला गेलो, तर त्याने माझंच मनगट धरलं. नऊ गेले त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तरी मी चुकलो असं मला वाटत नाही.

रागावलो असेन तर माफ कर. तू एकटी आहेस, परक्या देशात आहेस, दिवसभर शरीरशास्त्र पाठ करून रात्री काठी धरतेस, ते मला कळतं. तुला कोपराची हाडं आता माझ्याहून नीट माहीत असतील, त्याचा उपयोग कर. या आठवड्यात वार मोजू नकोस. डावा तळवा छातीसमोर, बोटं सैल, अंगठा आत, आणि मास्तरांचा हात येईल तिकडे तो जाऊ दे.

शनिवारी एवढंच लिहून पाठव: त्यांनी आधी तुझ्या मनगटाला हात लावला, की कोपराला?

तुझा,
काका