भारतातल्या पहिल्या मेट्रोच्या गाड्या परदेशातून आणल्या होत्या का? आताच्या गाड्यांपेक्षा त्या कशा वेगळ्या होत्या?

नाही, आणल्या नव्हत्या. पहिली मेट्रो दिल्लीची नव्हे, कोलकात्याची. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी जेमतेम साडेतीन किलोमीटर धावली. डबे बनले मद्रासला पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत आणि विद्युत यंत्रणा दिली बंगळूरच्या एनजीईएफ या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याने. इतकं ठासून सांगतोय, कारण एनजीईएफच्या वाइंडिंग शॉपमध्ये, म्हणजे मोटारीच्या तारा गुंडाळतात त्या विभागात, माझे अण्णा होते.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. अण्णा घरी आले की शर्टाला वार्निशचा वास यायचा, तो आईने कितीही धुतला तरी जात नसे. तांब्याच्या चपट्या पट्टीवर मायका टेप चढवायची, ती कॉइल आर्मेचरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागाच्या, खाचेत बसवायची, वरून पाचर ठोकायची, मग वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचं. टेपचा एक पदर कुठे सैल राहिला तर तिथे ओल धरते आणि मोटार जळते. भुयारातल्या गाडीची मोटार बोगद्यात जळली तर माणसं अंधारात अडकणार, म्हणून प्रत्येक कॉइलवरून ते बोट फिरवून बघत. त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक त्यामुळे गुळगुळीत झालं होतं.

१९८५ च्या मे महिन्यात एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास सवलत, घेऊन ते आम्हाला कोलकात्याला घेऊन गेले. मद्रासला गाडी बदलून कोरोमंडलने हावडा. आईला कालीघाट बघायचं होतं, अण्णांना फक्त मेट्रो. एस्प्लनेडला खाली उतरलो तेव्हा वरच्या उकाड्यातून एकदम गार हवा अंगावर आली. डब्यांना एसी नव्हता, थंड केलेली हवा स्थानकांत आणि बोगद्यात सोडत. गाडी आली. आम्ही बाकावर बसलो, अण्णा उभेच. चप्पल काढून पाय डब्याच्या जमिनीवर टेकवला आणि मला म्हणाले, "आता उचलेल बघ." खालून घुर्रर्र असा आवाज वर चढत गेला, पायाच्या तळव्याला थरथर जाणवली. भवानीपूरला उतरलो आणि ते परतीची तिकिटं काढायला गेले. त्या दिवशी आम्ही सहा फेऱ्या केल्या. आई कालीघाटला दुसऱ्या दिवशी गेली.

आता "आपल्याकडे तेव्हा तसं तंत्रज्ञान तरी होतं का" असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच. कोलकात्याच्या या पहिल्या मेट्रोचा रूळ ब्रॉडगेज, आपल्या मुंबईच्या लोकलएवढाच रुंद. पण लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद आणि कोलकात्याच्या मेट्रोचा २.७४. वीज डोक्यावरच्या तारेतून नाही, बाजूच्या तिसऱ्या रुळातून घ्यायची, ७५० व्होल्ट डीसी. डबा अरुंद, वर तार नाही, म्हणजे बोगदा लहान. आणि कोलकात्याच्या चौरंगीसारखा मोठा रस्ता खणून पुन्हा झाकायचा असेल तेव्हा बोगदा हातभर लहान झाला तर किती माती वाचते, याचा हिशोब करा. असा डबा देशात आधी कुणी बांधला नव्हता. तो कागदावर उतरवून आपल्या लोकांनी बांधला.

माझ्या ताईच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला भावोजी जेवताना अण्णांना म्हणाले, "मामा, ती मेट्रो रशियनांनी दिलीय हो. तुमच्याकडे नुसत्या तारा गुंडाळतात." अण्णा काही बोलले नाहीत. ताटातला भात तसाच ठेवून हात धुवायला उठले. नुसत्या तारा गुंडाळणं असं काही नसतं, हे जावयाला कसं सांगायचं? मी तेव्हा अकरावीत होतो, मलाही सांगता आलं नाही. म्हणून आज इथे लिहितोय. सोव्हिएत तज्ज्ञांची मदत होती, नाही कोण म्हणतं! १९७१ चा मेट्रोचा आराखडा त्यांच्या मदतीने झाला. पण आराखडा देणारा आणि मोटारीत तारा भरणारा यांत मोठा कोण, हे ठरवण्याचा हक्क एकदाही मोटार न उघडलेल्या माणसाला नाही.

आताच्या गाड्यांचं विचाराल, तर त्यांना एसी आहे, त्या शांत आहेत. २००२ ला दिल्ली सुरू झाली तेव्हा पहिल्या गाड्या कोरियातून आल्या आणि मग बाकीच्या बंगळूरला बीईएमएल या सरकारी कंपनीने बांधल्या. त्यात कमीपणा काही नाही.

एक सांगायचं राहिलं. पेरांबूरचा कारखाना १९५५ ला स्विस मदतीने उभा राहिला आणि एनजीईएफ जर्मनांच्या एईजी कंपनीच्या सहकार्याने. तेव्हा सगळं आकाशातून आपल्याच हातात पडलं, असं मी म्हणत नाही. शिकलो, मग केलं. एनजीईएफ २००२ ला बंद पडली, अण्णा त्याआधीच निवृत्त झाले होते.

२४ ऑक्टोबर २०२१ ला कोलकात्याने शेवटच्या बिगर-एसी गाडीला निरोप दिला. सदतीस वर्षं. अण्णा तोवर राहिले नव्हते. मी भावोजींना फोन करून बातमी सांगितली. ते म्हणाले, "हो, पण आराखडा रशियनच होता ना?"

आराखडा मार्गाचा होता, भावोजी. गाडी पेरांबूरची.