प्रश्न तुमचे: ‘टुडे’ची खिडकी

प्रश्न: अमेरिकेतल्या एनबीसीच्या ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमात मागे रस्त्यावरची गर्दी दिसते. पहिल्यापासून असंच आहे का? आणि टायटल्स?

उत्तर: सुरुवात खिडकीपासूनच झाली, पण मध्ये मोठा खंड पडला. 14 जानेवारी 1952 रोजी कार्यक्रम सुरू झाला, तो न्यूयॉर्कच्या 49व्या रस्त्यावरच्या काचेच्या दालनातून. 1958 मध्ये खिडकी गेली, 1962 मध्ये परत आली, 1965 मध्ये रंगीत प्रक्षेपणाबरोबर पुन्हा गेली. आजचा खिडकीवाला स्टुडिओ 1ए जून 1994 पासूनचा.

असा सेट उजळणं फार अवघड असतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. दिवसाचा उजेड साधारण 5600 केल्विन, पिवळसर उजेडाचे टंगस्टन दिवे 3200. कॅमेऱ्याचा रंग दिव्यांप्रमाणे जुळवला, तर बाहेरचा रस्ता निळा दिसतो. म्हणून दिव्यांवर निळं जेल (रंगीत पारदर्शक पातळ पत्रा) लावतात, किंवा दिवेच 5600चे घेतात. बाहेर ऊन चढलं की काचेला उजेड कमी करणारा करडा फिल्टर हवा. जानेवारीत सातला तिथे नीट उजाडलेलंही नसतं. मग काचेत आतलेच दिवे दिसू लागतात आणि त्यांचे कोन बदलावे लागतात.

टायटल्समध्ये उगवत्या सूर्याच्या कमानी टिकून आहेत. 2013 मध्ये त्या नारिंगी झाल्या. 1985 पासूनची जॉन विल्यम्स यांची ‘द मिशन’ ही धून मात्र आमच्या मते सगळ्यांत सरस.