किलोमीटर कमी, तरी ऑइल बदलायचं कामून?

प्रश्न : सर नमस्कार, मी सेलूला राहतो, शाळा घरापासून चार किलोमीटर. २०२१ ला पेट्रोल गाडी घेतली, शाळा अन् बाजार एवढंच चालणं. ऑइल बदलून दोन वर्षं झाली पण गाडी फिरली फक्त साडेपाच हजार. पुस्तकात तर दहा हजार लिहिलंय. सर्व्हिसवाले म्हणायलेत आत्ताच बदला. ऑइल मोजायची काडी काढून बघितली, लेव्हल बरोबर आहे, रंगही बऱ्यापैकी. मग उगं दोन-अडीच हजार कामून घालू?
— एक शिक्षक, सेलू, जि. परभणी

उत्तर : सर, पुस्तकातली ती ओळ परत एकदा वाचा, दहा हजारच्या पुढं "किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात असतं, आपण सगळेच अर्धी ओळ वाचून पुस्तक परत डॅशबोर्डच्या खणात टाकतो.

आता तुम्ही म्हणाल गाडी चाललीच नाही तर ऑइलला काय धाड भरली. तर बघा, चार किलोमीटर म्हणजे आठ-दहा मिनिटं, टेंपरेचरचा काटा कसाबसा मधोमध येतो तेवढ्यात शाळेचं गेट येतं. आणि तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो, ऑइलचा नाही, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं न जळताच पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमधे, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात उतरतं अन् ऑइलमधे मिसळतं. शिवाय पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागं साधारण लिटरभर, खरं वाटत नाही पण आहे तसंच. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं मात्र खाली ऑइलपर्यंत पोचतं. लांब पल्ल्याला गाडी पळाली की ऑइल चांगलं तापतं अन् हे पाणी, पेट्रोल उडून जातं. तुमच्या गाडीत ते उडायची वेळच येत नाही, रोज थोडं थोडं साठत जातं, त्यातून आम्ल तयार होतं अन् ते मारायला ऑइलमधे जे केमिकल घातलेलं असतं ते संपत येतं. हे काडीवर दिसत नाही, रंग चांगला असला तरी.

एक करा, थंडीत सकाळी ऑइल भरायचं टोपण उघडा अन् आतून बोट फिरवा. ताकावर येतो तसा पिवळट पांढरा फेस बोटाला लागला तर समजा पाणी साठायलंय. फक्त टोपणालाच असेल तर घाबरायचं कारण नाही, पण काडीवर पण तसंच दुधाळ दिसलं अन् कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनातलं पाणी अन् ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पट्टीचं काम असू शकतं, मग गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

खरं सांगायचं तर शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरचं ऑइल आपण किलोमीटरवर बदलतो का? तास बघतो, मीटरवर अडीचशेच्या आसपास तास भरले की बदललं. कारखान्याच्या गेटवर उसाची ट्रॉली घेऊन इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तरी तास पडतातच की. तीच कार मात्र मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत लिंबाखाली एसी लावून तासभर उभी करतो अन् म्हणतो चाललीच नाही.

आमच्या मामांचं सांगतो. गाडी दारात झाकून, लग्नकार्याला तेवढी बाहेर, तीन वर्षं ऑइलला हात नाही. मग एक दिवस सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, रेस दिली की बंद. मामा म्हणले वायरिंग असंल. गॅरेजला वरचं कव्हर खोललं तेव्हा मी तिथंच होतो, काहिलीच्या बुडाला काकवी करपून बसते ना अगदी तसं, काळं, चिकट, मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढत होता. चेंबर उतरवलं तर ऑइल ओढायच्या जाळीवर तोच गाळ, वर ऑइल चढणार कुठून. क्रँकच्या बेअरिंगा गेलेल्या. त्या वर्षीचं सोयाबीन बरंचसं त्या इंजिनातच गेलं, मामी अजून बोलून दाखवते.

तेव्हा सर, वर्षाला एकदा बदला, फिल्टरसकट. फिल्टर चोंदला की त्यातला बायपास वाल्व उघडतो अन् न गाळलेलं ऑइल तसंच इंजिनात फिरतं, म्हणून नवं ऑइल अन् जुना फिल्टर ही बचत करू नका. आणि जमेल तेव्हा रविवारी परभणीपर्यंत एक चक्कर मारून या, ऑइल तरी तापेल.

प्रश्न : भाऊ, माझी डिझेल गाडी आहे, औसा-लातूर भाड्याला चालते. ऑइल बदललं अन् दोनच दिवसात काडीवर काळंकुट्ट. मेकॅनिकनं जुनंच भरलं का?
— एक वाचक, औसा

उत्तर : भाऊ, एवढ्यावरून त्याच्यावर आळ घेऊ नका. डिझेलमधे काजळी होतेच, अन् ती इंजिनात चिकटू न देता स्वतःत धरून ठेवणं हेच ऑइलचं काम. शिवाय चेंबर रिकामं केलं तरी थोडं जुनं आत राहतंच, त्यानं नवं लगेच काळं होतं. मी तर म्हणेन डिझेलचं ऑइल महिनाभर सोनेरी राहिलं तर संशय घ्या. शंका नकोच असेल तर समोर उभं राहा, सीलबंद डबा तुमच्या हातानं फोडा, ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते सांगणारा आकडा, पुस्तकात आहे तोच घ्या. ५डब्ल्यू-३० च्या जागी "आपल्याकडं ऊन लई, जाड टाकू" म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० टाकायला लागला तर नको म्हणा, थंड इंजिन सुरू होताना जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो अन् झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते. भाड्याची गाडी, त्यात कच्च्या रस्त्याचा फुफाटा, एअर फिल्टर पण बघत जा, धूळ आत गेली की ऑइलचं पॉलिश पेपर होतं.

निघालेलं काळं ऑइल बोअरच्या किंवा विहिरीच्या कडंला ओतू नका तेवढं, गॅरेजवाल्यालाच ठेवू द्या.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी आहे, मुलांना शाळेत सोडायला वापरते. काडीवर ऑइल मॅक्सच्या वर चढलंय, आम्ही तर काही घातलं नाही. वाढलंय तर बरंच की?
— एक वाचक, जालना

उत्तर : ताई, ऑइल वाढत नसतं, त्यात डिझेल उतरलंय. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करायला जादा डिझेल जाळतो, त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. तुम्ही मधेच बंद करता, डिझेल खाली चेंबरमधे जातं, ऑइल पातळ होतं. तशीच चालवू नका, लगेच ऑइल बदलून घ्या, अन् डबा घेताना डीपीएफला चालणारंच द्या म्हणून सांगा. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की मुलांना सोडून सरळ घरी न येता गाडी बायपासवर पंधरा-वीस मिनिटं चांगली पळवून आणा.