फी बंद करण्याआधी माळ्यावरची वही खाली काढा

सोलापूरहून पत्र लिहिणाऱ्या पालकांस,

सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र मिळाले. आपली कन्या मुंबईच्या एका कला महाविद्यालयात टेक्स्टाइल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. महाविद्यालयाने डिसेंबरात कच्छचा नऊ दिवसांचा अभ्यासदौरा आखला असून त्याचा खर्च साडेचौदा हजार रुपये आहे. त्याच दिवसांत तिने पुण्याला मावशीकडे राहून यूआय-यूएक्सचा, म्हणजे अ‍ॅप आणि संकेतस्थळांच्या डिझाइनचा, वर्ग करावा, अशी आपली इच्छा आहे. ‘ठसे मारलेले कापड बघायला कच्छपर्यंत कशाला जायचे, मोबाइलवर सगळे दिसते,’ असे आपण लिहिता आणि शेवटी ‘ती आमचे ऐकत नाही, तुम्ही तरी तिला समजवा,’ अशी विनंती करता.

ही विनंती मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे. तेथे आपण अगदी सहज लिहून गेला आहात की, ‘कच्छला गेलीस तर चौथ्या वर्षाची फी भरणार नाही, असे तिला स्पष्ट बजावले आहे.’ हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा हातात घेतले. चार वर्षांच्या पदवीतली अडीच वर्षे पूर्ण होत आलेल्या आणि स्वतःची काहीही कमाई नसलेल्या मुलीला जेव्हा वडील असे सांगतात, तेव्हा तिच्यापुढे निवड करण्यासारखे काही उरतच नाही. ती बहुधा दौरा रद्द करील, पुण्यात जाऊन वर्गातही बसेल, आणि आपल्याला वाटेल की पोरगी समजूतदार निघाली. मात्र त्यानंतर तिच्या मनात काय चालले आहे, हे ती आपल्याला सांगणार नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कितीतरी घरांत हे असेच झालेले असते. मुले घरी गुणपत्रिका आणून दाखवतात, बाकी सगळे मित्रमैत्रिणींना सांगतात, आणि आईवडिलांना आपल्या मुलाने नोकरी सोडल्याची बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळते.

आणखी एक गोष्ट मला खटकली. तिच्या बारावीच्या ९१ टक्क्यांचा उल्लेख आपण दोनदा केला आहे आणि त्या गुणांवर फार्मसीला प्रवेश मिळाला असता, हेही लिहिले आहे. पण कला महाविद्यालयातल्या अडीच वर्षांत तिने काय केले, कोणत्या विषयात तिला गोडी आहे, तिने काढलेले एखादे डिझाइन आपण पाहिले आहे का, याविषयी चार पानांत एक ओळही नाही. तिच्या शिक्षणाकडे आपण अजूनही हुकलेली फार्मसी म्हणूनच पाहत आहात, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. ज्या दिवशी आपण तिच्या पदवीची फी भरली, त्या दिवशी तो निर्णय आपलाही झाला होता.

इतके लिहूनही मला आपल्यावर रागावता येत नाही, कारण चौथ्या पानावर आपण आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. तेलंगणातून येऊन सोलापूरच्या पूर्व भागात स्थायिक झालेल्या विणकर कुटुंबांपैकी आपले कुटुंब, आणि वडील हातमागाच्या लुगड्यांसाठी सूत रंगवत असत. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे आणि आपल्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत त्यांनी ते पाठीमागे धरले आहेत, हे आपण लिहिलेले वाचताना तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. कॉस्टिक आणि हायड्रोस या रंगकामातल्या रसायनांच्या वाफेत हातमोज्यांशिवाय उभे राहायचे, आठवड्याचा हिशेब पंधरवड्यावर जायचा, आणि हातमागच बंद पडू लागले तेव्हा हातात काही उरले नाही, हे सगळे आपण मुलगा म्हणून पाहिले आहे. ‘मी बँकेत लागलो तेव्हा ठरवले की या घरातला कोणी पुन्हा पिंपात हात घालणार नाही,’ या आपल्या वाक्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. हातकाम करणाऱ्यांच्या वाट्याला या देशात पैसा आणि मान दोन्ही कमी आले, हे खरेच आहे. परंतु आपली भीती आपल्या वडिलांच्या आयुष्यातून आली आहे आणि शिक्षा मात्र आपण मुलीला देत आहात. ती डिझाइनची पदवी घेत आहे, मजुरीवर सूत रंगवायला निघालेली नाही.

आता आपल्या एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहितो, कारण तो फक्त आपलाच नाही. ‘कारागिरी म्हणजे हाताची सवय, ते लोक न शिकता करतात, मग शिकलेल्या मुलीने त्यांच्याकडे काय शिकायचे,’ असे आपण विचारले आहे. भूजपासून पंधराएक किलोमीटरवरच्या अजरखपूरमध्ये अजरखाचे, म्हणजे लाकडी ठशांनी छापून रंगवलेले, कापड चौदा ते सोळा टप्प्यांतून जाते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा हा रसायनशास्त्राचा धडा आहे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. मग चुना आणि डिंक यांचे मिश्रण ठशाने जिथे लावले जाते, तिथे ते शेवटपर्यंत पांढरे राहते. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात घालून पंधरा-वीस दिवस आंबवतात आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करून ठशाने लावतात. हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्या लोखंडाची गाठ पडली की काळा रंग उमटतो. मंजिष्ठा या लाल रंग देणाऱ्या मुळीच्या काहिलीत कापड उकळले तरी लाल रंग नीट धरतो तो फक्त तुरटी लावलेल्या जागी. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, रंग बिघडू लागले, आणि तेथल्या खत्री या रंगारी समाजातल्या अनेक कुटुंबांनी चांगल्या पाण्यासाठी नवी जागा शोधून अजरखपूर वसवले. पाण्यातला दोष ज्यांनी कापडावरच्या लालीवरून ओळखला आणि त्यापायी गाव सोडले, त्यांना न शिकलेले कसे म्हणायचे? याच परंपरेतील इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. शिवाय २००५ पासून कच्छमध्ये पारंपरिक कारागिरांना डिझाइन शिकवणारी शाळा सुरू झाली. आधी कला रक्षा विद्यालय आणि २०१४ पासून आदिपूरचे सोमैया कला विद्या. म्हणजे आपली कन्या जो विषय मुंबईत शिकते आहे, तोच तेथले विणकर आणि रंगारी शिकलेले आहेत. ती तेथे गेली तर तिला बरोबरीची, आणि अनेक बाबतींत तिच्या पुढे असलेली माणसे भेटतील.

मोबाइलवर सगळे दिसते, याविषयी एवढेच विचारतो. निळीच्या हौदातून कापड वर येते तेव्हा ते निळे नसते. ते पिवळट हिरवे असते, आणि हवा लागली की कडेपासून आत डोळ्यांदेखत निळे होत जाते. मी हे अजरखपूरला उभा राहून पाहिले आहे. आपण तर वडिलांच्या कामाच्या जागी लहानपणी सुताच्या लडीवर हेच पाहिले असणार. हौद तयार झाला की नाही, हे आपले वडील फेसावरून आणि वासावरून ओळखत होते ना? तो वास मोबाइलमध्ये येत नाही.

दौऱ्याविषयी मात्र माझी तक्रार आहे, आणि ती आपल्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. आपण सोबत जोडलेल्या कार्यक्रमपत्रिकेत नऊ दिवसांत सात गावे, दोन संग्रहालये आणि पांढरे रण आहे. निरोणा गावी रोगन (कापडावरचे तेलरंगाचे चित्रकाम), तांब्याच्या घंटा आणि लाखकाम या तिन्हींसाठी मिळून एक सकाळ ठेवली आहे. कारागीर नेहमीचे प्रात्यक्षिक दाखवणार, विद्यार्थी फोटो काढणार आणि बस पुढे निघणार. याला अभ्यास म्हणणे कठीण आहे. तरीही तिने जावे, कारण शिक्षक सोबत आहेत, निवास ठरलेला आहे आणि आपल्याला वाटणारी सुरक्षिततेची काळजी त्यात बरीचशी मिटते. तिला माझा निरोप द्या की, सात गावांपैकी एकच निवडावे. भुजोडीतले विणकाम असो वा अजरखपूरचे रंगकाम, तेथे शिक्षकांची परवानगी घेऊन तीन दिवस एकाच कारखान्यात बसावे, कॅमेऱ्याआधी वही काढावी, आणि कोणाच्याही ठशाचा किंवा नमुन्याचा फोटो न विचारता घेऊ नये, कारण त्या नमुन्यांवर त्या घराची चूल पेटते. तेच ठसे पॉलिएस्टरवर स्क्रीन प्रिंट करून बाजारात स्वस्तात विकले जातात, आणि त्या नकलांची सुरुवात बऱ्याचदा कोणीतरी काढून नेलेल्या फोटोपासून होते. आवडलेले कापड घ्यायचे असेल तर सांगितलेल्या किमतीला घ्यावे. मन लागले, तर चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पुन्हा महिनाभर जाण्याची परवानगी महाविद्यालयाकडे मागावी. खरा अभ्यास त्या महिन्यात होईल.

पुढच्या मार्गांविषयी आपण विचारले आहे. एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, आयआयटींसाठी सीड आणि निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. त्यांच्या तारखा त्या-त्या संकेतस्थळावर मिळतील. वस्त्रोद्योगातील डिझाइन विभाग, संग्रहालयांतील वस्त्रसंवर्धन, हातमाग क्षेत्रातील संस्था, कारागिरांसोबत काम करणारे छोटे ब्रँड, ही सगळी या पदवीची क्षेत्रे आहेत. सुरुवातीचा पगार बँकेइतका असेलच असे नाही, हे मी लपवत नाही. यूआय-यूएक्सला माझा विरोध नाही, तो वर्ग पुढच्या उन्हाळ्यातही करता येतो आणि पदवीनंतरही. पण मुलाखतीत पोर्टफोलिओ पाहिला जातो, तेव्हा एका रंगाऱ्याकडे बसून टिपलेली वीस पाने आणि स्वतः रंगवून आणलेले दहा तुकडे हे कोणत्याही वर्गाच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतात, हे मी अशा मुलाखतींना बसलेला माणूस म्हणून सांगतो.

आता आपल्याच पत्रातली एक ओळ आपल्याला परत वाचून दाखवतो. ‘वडिलांची रंगांची वही अजून माळ्यावर आहे, अर्धे मराठी आणि अर्धे तेलुगू लिहिलेले, कोणाच्या कामाची नाही.’ कच्छला जायची परवानगी द्या किंवा देऊ नका, पण ही ओळ लिहिताना आपल्या घरात टेक्स्टाइल डिझाइनची एक विद्यार्थिनी आहे, हे आपल्या लक्षात आले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले. कोणत्या महिन्यात किती नीळ घालायची, सोलापूरच्या पाण्यात कोणता रंग कसा बदलतो, कोणत्या व्यापाऱ्याला कोणता लाल हवा असे, हे त्या वहीत असण्याची पुष्कळ शक्यता आहे. नऊ दिवसांत सात गावे फिरून तिला जे मिळणार नाही, ते आपल्या माळ्यावर असू शकते. आणि तिला तेलुगू वाचता येत नसेल, तर वाचून दाखवणारे या घरात बहुधा आपण आणि आपल्या मातोश्रीच आहात.

तेव्हा चौथ्या वर्षाच्या फीविषयीचे आपले बोलणे आजच्या आज फोन करून मागे घ्या, आणि ते अटीशिवाय घ्या. पुढच्या सुट्टीत ती सोलापूरला आली की वही खाली काढा. कागद जुना असेल, म्हणून आधी प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवा आणि मग पहिल्या पानापासून तिच्याशेजारी बसून वाचायला लागा. जिथे शब्द लागणार नाही, तिथे मातोश्रींना हाक मारा. दौरा ८ डिसेंबरला निघतो, असे त्या पत्रिकेत आहे; तोवर निदान निळीची पाने वाचून व्हावीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक