चाकणच्या सीएनसीवरून जर्मनीला येताना

तू विचारलंस, "दादा, सहा वर्षं चाकणला सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या लेथवर आहे. जर्मनीला यायची तयारी करतोय, पण तिकडं सगळं रोबो आणि एआय करतात म्हणे. आपलं काम टिकेल का?"

काम आहे, पण तू आज करतोस ते नाही. मी स्टुटगार्टजवळ गिअरबॉक्सचे शाफ्ट करतो. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मशीनवर लावणं-काढणं रोबोकडे. माप प्रोब (मोजणारा सेन्सर) घेतो, ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) आपोआप बदलतो. भोसरीत मायक्रोमीटर लावून दोन-दोन मायक्रॉनचा ऑफसेट देणारा म्हणून माझं नाव होतं. इथं ते कुणी विचारलंही नाही, फार लागलं होतं मनाला. शेवटी कॅमेरा फिनिश तपासतो. कूलंटचा थेंब राहिला तरी त्याला तो ओरखडा वाटतो आणि जॉब रिजेक्टमध्ये जातो. तो पुसायचा, नख फिरवून बघायचं. ओरखडा खरा असेल तर इन्सर्ट (कापणारं पातं) गेलाय की चिप (धातूची कात्रण) अडकलीय, हे शोधायचं. पैसे त्या शोधण्याचे मिळतात.

पगाराचं नीट समजून घे. या राज्यात, म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, आयजी मेटल युनियनचा करार असलेल्या कंपन्यांत १७ पगारश्रेण्या आहेत. श्रेणी सर्टिफिकेटवर नाही, नेमून दिलेल्या कामावर ठरते. नुसते ट्रे भरायचे असतील तर खालची. सेटिंग आणि बिघाड शोधणं असेल तर वरची. माझ्या एका सोबत्यानं 'मशीन ऑपरेटर' एवढंच वाचून सही केली आणि दीड वर्ष ट्रे उचलले. कंपनीला करार लागू आहे का, श्रेणी कोणती, काम नेमकं काय, हे लेखी माग.

एक काळजी मात्र आहेच. १९९४ ते २०१४ या काळावरचा इथला अभ्यास सांगतो की रोबो आल्यावर जुने कामगार बहुतेक त्याच कंपनीत दुसऱ्या कामाला लागले. जागा आटल्या त्या नव्यानं येणाऱ्यांच्या. तू नवा असणार. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना गिअर कमी लागतात. गिअरबॉक्स करणाऱ्या झेडएफनं २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ पर्यंत जर्मनीतल्या १४,००० पर्यंत जागा कमी होऊ शकतात. म्हणून फक्त गाड्यांच्या कारखान्यांत अर्ज करू नकोस, मशीन मेंटेनन्सचेही बघ.

निघायच्या आधी चाकणलाच रोबो असलेल्या लाइनवर बदली मागून घे. अलार्म आला की मेंटेनन्सवाल्याच्या मागं उभा राहा, तो आधी काय तपासतो ते बघ. आणि जर्मन भाषा बी१ या मधल्या पातळीवर थांबवू नकोस. रात्रपाळीला लाइन बंद पडली की आधी काय झालं, मग काय झालं, हे फोनवर सांगावं लागतं.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. कामाचं वर्णन मी वाचून देतो.