वाघोलीतल्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात किरणोत्सार आहे का, हे ऑनलाइन मिळणाऱ्या गायगर काउंटरने घरी तपासता येईल का?

नाही, ते पैसे वाचवा. पाण्यातल्या युरेनियम-रेडियममधून मुख्यतः अल्फा कण निघतात आणि ते पाण्याच्या पातळशा थरातच अडकतात. बाटलीजवळ धरलेल्या काउंटरला काही कळणार नाही. प्रयोगशाळेत नमुना आटवून उरलेल्या क्षारांवर एकूण अल्फा आणि बीटा (दुसऱ्या प्रकारचे कण) मोजतात. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला अल्फा ०.१ आणि बीटा १ बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक). युरेनियमची चाचणी वेगळी मागा. मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम. रेडॉन हा पाण्यात विरघळलेला किरणोत्सारी वायू बघायचा असेल तर बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि लगेच पोचवा, कारण ३.८ दिवसांत तो निम्मा होतो.

युरेनियमचा धोका किरणांपेक्षा रसायन म्हणून जास्त, तोही मूत्रपिंडांना. उकळल्यावर रेडॉन उडून जातो, युरेनियम तिथंच राहतं, उलट थोडं दाटच होतं. ते आरओने निघतं.

खरं सांगू? पुण्याखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे आणि त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी असतं. मी तुमच्या जागी आधी नायट्रेट आणि ई. कोलाय (मैलापाणी मिसळल्याची खूण असलेले जंतू) तपासून घेईन. टँकरचं पाणी मिसळत असाल तर तेही, कारण ते कुठल्या विहिरीचं हे बहुतेक वेळा सोसायटीच्या चेअरमनलाही ठाऊक नसतं.