नॉरफोकला डबा नेण्याची गरज नाही

गाडी नसताना इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या किनाऱ्यावर दोन दिवसांत काय पाहावे आणि इंग्लिश जेवण बेचव असल्यामुळे सोबत डबा न्यावा का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. लंडनहून नॉरिच आणि तिथून क्रोमरपर्यंत रेल्वे आहे; पुढे शेरिंगम, क्लाय, ब्लेकनी, वेल्स-नेक्स्ट-द-सी अशी किनाऱ्याच्या रस्त्याने बस जाते आणि चकमकीच्या दगडांनी बांधलेली घरे खिडकीतूनही नीट दिसतात. ब्लेकनीहून होडीने सील पाहायला जरूर जावे.

‘बेचव’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. माझे मोठे दीर पुण्याहून आमच्याकडे आले होते तेव्हा, एरवी मासे आवडीने खात असूनही, क्रोमरच्या १९०१ साली बांधलेल्या पिअरसमोर, म्हणजे समुद्रात शिरणाऱ्या धक्क्यासमोर, बसून त्यांनी दशम्या आणि चटणी काढली आणि मी घेतलेल्या खेकड्याला तोंडही न लावता, ‘मसाला नाही तर चव कसली,’ असा निकाल देऊन टाकला. तो खेकडा कसा तयार होतो, हे त्यांनी पाहायला हवे होते. क्रोमरला बंदर नाही. होड्या वाळूवरून ट्रॅक्टरने समुद्रात ढकलतात आणि परतल्यावर तशाच ओढून घेतात. समोरच्या समुद्राच्या तळाशी खडूच्या खडकाचा पट्टा आहे आणि इथल्या खेकड्याची गोडी त्याच पट्ट्यामुळे आहे, असे गावातली माणसे अभिमानाने सांगतात. खेकडा उकडून उघडतात, आतले करडे कल्ले काढून टाकतात, मग नांग्यांतले पांढरे मांस आणि पाठीतला लोण्यासारखा तपकिरी भाग वेगवेगळा सोडवून पुन्हा त्याच कवचात भरतात. त्यावर लिंबू पिळायचे आणि बरोबर लोणी लावलेला पाव घ्यायचा, एवढेच.

मी वेंगुर्ल्याची आहे. आमच्या घरी मासळी ताजी असली की आई तिला हळद, मीठ आणि आमसूल यांपलीकडे फारसे काही लावत नसे. मसाल्याचा मारा शिळ्या मासळीला लागतो, हे मी दिरांना तेव्हाही सांगितले होते आणि आजही सांगेन. उन्हाळ्यात खाजणात उगवणारी सॅम्फायर ही खारट हिरवी भाजीही खाऊन पाहा; नुसती उकडून, वर लोणी घालून, शेवग्याच्या शेंगेसारखी दातांनी ओढून खातात आणि मधली शीर टाकून देतात. शाकाहारी माणसालाही ती चालेल.

अर्थात, खेकड्याचा हंगाम साधारण वसंतापासून शरदापर्यंत असतो. हिवाळ्यात जाणार असाल तर याच किनाऱ्यावरच्या ब्रँकास्टर गावच्या शिंपल्या मागाव्यात. आणि भरतीची वेळ पाहिल्याशिवाय खाजणात उतरू नये, कारण तिथल्या खाड्यांत पाणी आपल्या पाठीमागून भरते आणि परतीची वाट बंद होते.